कॅन्सल दाबणारा माणूस

हिंदुराव रिटायर झाले आणि घरातल्या डब्यांवर संक्रांत आली. प्रेस शॉपमध्ये जन्म गेलेला माणूस. प्रत्येक वस्तूला जागा आणि प्रत्येक जागेला नाव, ही कंपनीची शिकवण अंगात मुरलेली. त्यांनी स्वयंपाकघरात तिखट, मीठ, हळद, सगळ्यांवर चिठ्ठ्या डकवल्या. वर्षभरात न वापरलेल्या भांड्यांना लाल कागद लावले, म्हणजे ती आता भंगारात. त्यातला एक लाल कागद कौशल्याबाईंना आईने दिलेल्या पितळी पातेल्यावर बसला.

"हे पातेलं ज्या दिवशी जाईल त्या दिवशी मीही जाईन," कौशल्याबाई म्हणाल्या. "उद्यापासून स्वयंपाकघरात पाय ठेवायचा नाही."

"अगं, शिस्त म्हणून..."

"शिस्त बाहेर."

बाहेर म्हणजे सोसायटीच्या फाटकापाशी. संत तुकाराम नगरच्या त्या वळणावरून सकाळी कंपनीची बस जायची. हिंदुराव अंघोळ करून, दाढी करून तिथे उभे राहायचे. पहिले काही दिवस ड्रायव्हरने हात केला. पुढे तो नुसता वळण घ्यायला लागला. बस गेल्यावर रस्ता फार रुंद वाटायचा.

त्यांना त्यातून सोडवलं एका करड्या चौकटीने.

खालच्या गाळ्यात कौशल्याबाईंचं भरतकामाचं दुकान होतं. ब्लाउजच्या बाह्यांवर मोर, कामगारांच्या शर्टांच्या खिशावर कंपनीचं नाव. मशीनला नक्षी पाठवणारा कॉम्प्युटर बंद पडलेल्या एका सायबर कॅफेतून आणलेला, मागे ढेरी असलेला. त्याला ना फोनची वायर, ना इंटरनेट. तरी नव्या डिझाइनचा प्रोग्रॅम घातल्यापासून तो दर थोड्या वेळाने पडद्यावर चौकट आणून विचारायचा, फोन लावून इंटरनेटला जोडू का? 'कॅन्सल' दाबलं नाही तर तो उत्तराची वाट पाहत बसायचा, इकडे नक्षी अडायची आणि मशीन थांबायचं. असाच एक मोर मानेपर्यंत येऊन राहिला. ज्या बाईचा ब्लाउज होता तिने तो मोर बराच वेळ बघितला.

"बसा तिथं," कौशल्याबाई नवऱ्याला म्हणाल्या. "चौकट आली की कॅन्सल. एवढं जमेल?"

जमेल काय? आयुष्यभर त्यांनी दुसरं काय केलं होतं? कंपनीतली प्रेस दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय खाली यायची नाही, हात आत सापडू नये म्हणून. हिंदुराव खुर्ची ओढून बसले. उजव्या हाताने माऊसवर क्लिक करायचे, तेव्हा डावा हात आपोआप टेबलाच्या कडेला टेकायचा, जणू तिथे दुसरं बटण आहे.

खुर्ची मिळाली आणि माणूस सुधारला. सकाळी डबा घेऊन जिना उतरायचा. डबा वरच्याच स्वयंपाकघरातून यायचा, पण आणायचा पिशवीतून. बदली माणूस आल्याशिवाय जागा सोडायची नाही हा शॉपचा नियम होता. म्हणून लघवीला जायचं झालं तरी शेजारच्या किराणावाल्या प्रज्वलला हाक जायची. "रिलीव्हर!"

"काका, माझं गिऱ्हाईक उभं आहे."

"आणि माझं मशीन चालू आहे."

चौकट येणार, ही एक गोष्ट जगात नक्की होती. ती आली की कुणीतरी आपल्याला विचारतंय असं वाटायचं.

मग खंडूचा फोन आला. प्रेस शॉपमधला जोडीदार, चाकणजवळच्या गावचा. मुलीचा साखरपुडा तळेगावला होता.

"यायला लागतंय, हिंदुराव."

"जमायचं नाही रे. रिलीव्हर नाही."

"आता रिटायर झाल्यावर कसला रिलीव्हर? आमी काय परके हाय का?"

हे कौशल्याबाईंनी ऐकलं. साखरपुड्याच्या दिवशी त्यांनी नवऱ्याला इस्त्रीचा शर्ट घालून लोकलच्या वाटेला लावलं आणि हिंजवडीत नोकरी करणाऱ्या आपल्या भाचीला, मिनलला, बोलावून घेतलं.

संध्याकाळी हिंदुराव पेढ्यांचा पुडा घेऊन परतले, थेट खुर्चीत बसले. मशीन चालू होतं. चौकट येईना. ते वाट बघत राहिले. मोराची मान झाली, पिसारा झाला.

"मिनल येऊन गेली," कौशल्याबाई मागून म्हणाल्या. "आता नाही यायची ती चौकट. तुम्ही मोकळे."

मोकळे. पेढ्याचा पुडा त्यांच्या मांडीवर तसाच राहिला. टेंपररी असताना कंपनी सहा महिन्यांनी ब्रेक द्यायची, म्हणजे घरी बसवायची. तेव्हाही साहेब असाच हसून बोलायचा.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा फाटकापाशी. घरी आल्यावर त्यांनी मिनलला फोन केला.

"काय केलंस गं त्याला? पुन्हा झालं तर माहीत असावं."

"सोपं आहे काका. कंट्रोल पॅनेलमध्ये इंटरनेट ऑप्शन्स, त्यात कनेक्शन्स. तिथे तीन गोल आहेत. 'नेहमी डायल कर' यावर ठिपका होता. मी तो 'कधीच डायल करू नको' यावर दिला. बस."

"बस?"

"बस."

दुपारी गाळ्यात कौशल्याबाई भिंतीला टेकून डोळे मिटून बसल्या होत्या. हिंदुराव चपला बाहेर काढून आत आले. कंट्रोल पॅनेल उघडलं. तीन गोल सापडले. 'नेहमी डायल कर' वर बाण नेला आणि बोट उचललेलंच राहिलं. उभ्या आयुष्यात त्यांनी चालतं मशीन मुद्दाम बिघडवलं नव्हतं. शॉपमध्ये शेजारच्या प्रेसवरचे लोक मापाचं गेज वाकडं करून मशीन बंद पाडायचे आणि आराम करायचे तेव्हाही नाही. डावा हात टेबलाच्या कडेला टेकला होता. तोही हलेना.

"दाबा की," मागून आवाज आला.

हिंदुरावांनी मान खाली घातली. "बघत होतो फक्त."

"दिसतंय. तुम्हाला सुटका मिळावी म्हणून पोरीला बोलावलं मी. आणि तुम्ही फाटकाशी जाऊन उभे."

"काम संपलं म्हटल्यावर..."

"खुर्ची उचलून नेली का कुणी?" कौशल्याबाई उठल्या, मशीनपाशी गेल्या. "तुमची नाईट असली की दिवसा तुम्ही वर झोपलेले, मी इथं मशीनवर. दिवसपाळी असली की तुम्ही घरी यायच्या वेळी मी वर चुलीपाशी. सगळा जन्म ह्या मशीनच्या आवाजात एकटी बसले. आता कुठं जोडीला माणूस आलं, तर त्याचं तोंड भिंतीकडे."

हे हिंदुरावांच्या ध्यानातच आलं नव्हतं. कॉम्प्युटर भिंतीला लावलेला. म्हणजे इतके दिवस ते बायकोकडे पाठ करून बसले होते, आणि चौकटीशिवाय काही बघायचं नाही, हीच त्यांची ड्यूटी होती.

त्यांनी पडद्यावरची खिडकी बंद केली, ठिपका होता तिथेच ठेवून. मग उठून खुर्ची फिरवली. तिचे पाय फरशीवर कर्कश वाजले.

मशीन सुरू झालं. सुईत दोरा ओवताना कौशल्याबाई जिभेचं टोक ओठांतून बाहेर काढतात, हे हिंदुरावांना लग्नाला एवढी वर्षं झाल्यावर कळलं. ते बघत राहिले.

"असं काय तोंडाकडे बघताय?"

"सुपरव्हिजन," हिंदुराव म्हणाले आणि टेबलावर राहिलेल्या कालच्या पुड्यातला एक पेढा तोडून अर्धा पुढे केला.