ताईचा भात आणि माझं पत्रक

माझ्या थोरल्या बहिणीची नोकरी घालवण्यासाठी मी एकदा हळदीकुंकवात पत्रकं वाटली होती. हेतू अर्थात नोकरी वाचवण्याचाच होता. पण हेतूंचं काय, ते सगळ्यांचेच चांगले असतात. परिणाम तेवढे दुसऱ्याला भोगावे लागतात!

आम्ही तेव्हा भवानीपुरात राहत होतो. बाबा बँकेत. बदलीने कलकत्त्याला आले आणि परतीच्या बदलीची वाट बघता बघता इथेच मुरले. ते युनियनचे पुढारी, त्यामुळे आमच्या घरात डाळ-तांदळापेक्षा पत्रकं जास्त. मी मुळाक्षरं मागण्यांच्या यादीवरून शिकले. (‘म’ मागणीचा, ‘न’ निषेधाचा.) त्या दिवसांत शहरातली एकही भिंत गप्प नव्हती आणि मीही नव्हते. चहात साखर कमी पडली तरी मला त्यात व्यवस्थेचा हात दिसायचा.

ताई, म्हणजे कुसुम, माझ्या अगदी उलट. शांत आणि हुशार. एस्प्लनेडच्या एका मोठ्या कचेरीत तिची अधिकारी म्हणून निवड झाली, ढीगभर मुलग्यांना मागे टाकून! मग वैद्यकीय तपासणी झाली. तिथल्या डॉक्टरने तिला काट्यावर उभं केलं, लघवी तपासली आणि कागदावर खरडलं : वजन जास्त, साखर आढळली, दीड महिन्याने पुन्हा यावे. तेव्हाही हेच निघालं, तर नेमणूक रद्द.

मी पेटलेच. “फायली लिहायच्या आहेत की उचलायच्या आहेत? त्यांच्या साहेबाला पाहिलंस का? आधी पोट आत येतं, मग साहेब येतो!”

“साहेब आत आलेले आहेत, विजू,” ताई म्हणाली. “मी अजून दाराबाहेर आहे.”

तिची खरी भीती वेगळीच होती. ताईला खाण्याचा झटका यायचा. एक रसगुल्ला तोंडात गेला की हंडीचा तळ दिसेपर्यंत ती थांबत नसे. मग रडायची. रडून झालं की फोडणीचा भात. “भूक नसते गं ती,” ती मला सांगायची. “पोट भरलेलं असतं. हात ऐकत नाही.”

आणि लोक? लोक उपदेश करत! “मनावर ताबा हवा गं.” “जीभ जिंकली की जग जिंकलं.” हे सांगणाऱ्या सहस्रबुद्धेकाकूंच्या दुसऱ्या हातात कायम श्रीखंडाची वाटी. माझ्या तळपायाची आग मस्तकात जाई. आधी माणसाच्या ताटात डोंगर वाढायचा, ‘घे गं, लाजू नकोस’ म्हणायचं आणि त्याने तो चढून दाखवला की खादाड म्हणायचं! हा कुठला न्याय?

शेवटी आम्ही नाक्यावरच्या म्हाताऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांना सगळे डाक्तारबाबू म्हणत. कडक धोतर आणि त्याहून कडक जीभ. पण ताईचं सगळं त्यांनी मान खाली घालून ऐकलं आणि उपदेश केला नाही. (तिथेच मी त्यांना अर्धी माफी दिली.)

“भात बंद,” ते हिंदीत म्हणाले. “पोळी, बटाटा, साखर, सगळं बंद. अंडी खा, छाना खा, भाज्या खा, पोट भरून खा. उपाशी राहायचं नाही. पिठूळ आणि गोड पोटात गेलं की काहींची भूक पुन्हा पुन्हा उसळते. ते थांबवलं की हाव आपोआप निवते.”

“नक्की?” ताईने विचारलं.

“सगळ्यांची निवते असं नाही. तुझी निवते का, बघू या.”

आईने अंड्यांना परवानगी दिली, पण गॅलरीतल्या स्टोव्हवर. छाना, म्हणजे ताजं पनीर, कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्याकडून येऊ लागलं. पहिले काही दिवस ताई नुसती भांडत होती. डोकं दुखतं म्हणाली, मला कैदाशीण म्हणाली, बाबांच्या ताटातल्या भाताकडे असं बघत बसली की बाबा ताट घेऊन युनियनच्या खोलीत जेवायला लागले. आणि मग, खोटं नाही सांगत, एका संध्याकाळी आम्ही मिठाईच्या दुकानावरून गेलो आणि ती ट्रामच्या भाड्याबद्दल बोलत राहिली. बोलतच राहिली! काचेमागे रसगुल्ले तरंगत होते आणि माझी ताई भाडेवाढीवर टीका करत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. (भाडेवाढीमुळेही आलं असेल.)

इथे मी गप्प बसले असते, तर ही आठवण इथेच संपली असती. पण चांगली गोष्ट घडली आणि तिचं पत्रक निघालं नाही, असं आमच्या घरात कधी झालेलं नव्हतं!

बाबांच्या सायक्लोस्टाइलवर मी रात्रंदिवस खपले. मथळा : ‘भाताची गुलामी झुगारा!!!’ खाली मजकूर : ‘मोह हा मनाचा दुबळेपणा नसून ताटाचा कट आहे. कुसुमताईंनी भात, पोळी व साखर यांचा त्याग केला आहे. समस्त मराठी भगिनींनी त्यांना हे पदार्थ वाढू नयेत, सहकार्य करावे.’ तिथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला मी ते प्रत्येकीच्या ओटीत टाकलं. तिळगुळाच्या वर!

“अगं, माझ्या खाण्याची जाहीर सभा कशाला?” ताई कळवळली.

“तुझा प्रश्न खाजगी नाही,” मी म्हणाले. (ताईचा कुठलाच प्रश्न मी कधी खाजगी राहू दिला नाही.)

पहिला स्फोट खालच्या मजल्यावर झाला. आमच्या घरमालकीणबाई, मासीमा, यांच्या हाती एक पत्रक लागलं. मराठी त्यांना वाचता येईना, पण तीन उद्गारचिन्हं सगळ्या भाषांत सारखीच कळतात. त्यांनी आईला गाठलं. “कुसुम भात खात नाही?”

“नाही हो,” आई म्हणाली. “नोकरीसाठी.”

“ओ मा! की सर्बनाश!” मासीमा मटकन जिन्यावरच बसल्या. त्यांच्या घरी भात नाकारणारा माणूस एकतर रुसलेला असतो, नाहीतर उपोषणाला बसलेला. ताई रुसत नाही हे त्यांना ठाऊक होतं. राहिलं काय? कचेरीने पोरीची नोकरी अडवली आणि पोरगी उपोषणाला बसली! संध्याकाळी गल्लीतल्या क्लबची पोरं झेंडा घेऊन आमच्या खिडकीखाली हजर.

“कुसुमदी जिंदाबाद! अनशन चोलबे!” म्हणजे उपोषण चालूच राहणार!

वर कुसुमदी चार अंड्यांचं आम्लेट खात होती. “विजू, हे त्या कचेरीपर्यंत गेलं तर मला तपासणीलासुद्धा बोलावणार नाहीत! खाली जा आणि त्यांना थांबव!”

मी खाली गेले. पण समोर झेंडा, घोषणा, माणसं! दोन घोषणा मीच दिल्या आणि मग थांबवलं.

मासीमा मात्र थांबल्या नाहीत. अंधार पडल्यावर पदराखाली झाकून त्यांनी स्वतःच्या रेशनचे तांदूळ आणले. त्या टंचाईच्या दिवसांत! ते परत करताना आईला रडू आलं आणि मला राग. कुणावर, ते ठरवायला वेळ मिळाला नाही, कारण दुसऱ्या दिवसापासून मराठी भगिनींनी सहकार्य सुरू केलं.

आधी सहस्रबुद्धेकाकूंचा डबा आला. “भात नको, पोळी नको, वाचलं हो मी पत्रक. साबुदाण्याची खिचडी आणलीय.” मग देवधरकाकूंचा रताळ्याचा कीस. मग वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, राजगिऱ्याचे लाडू. (“साखर नाही हो, गूळ आहे!”) मराठी माणसाला भात आणि पोळी नाही म्हटलं, की त्याच्या पुढे एकच शब्द उभा राहतो : उपास. आणि उपास म्हटला की आमच्या बायकांच्या हाताला जे स्फुरण चढतं, ते मी मोर्चातसुद्धा पाहिलेलं नाही!

ताईने शंका काढली होती. “विजू, हे चालतं का गं?”

“भात आहे का? पोळी आहे का?” मी गरजले. “मग? जनतेने पाठिंबा दिला तर शंका काढायची नसते! खा!”

आईनेही मान डोलावली. “उपासाचं आहे. हलकं असतं.”

ताई खाऊ लागली. आठवड्याभरात ती ट्रामच्या भाड्याबद्दल बोलेनाशी झाली. मिठाईच्या दुकानापाशी तिची पावलं अडू लागली. मी तिला ओढत नेत होते आणि वर सुनावत होते, “निर्धार! निर्धार कुठे गेला तुझा?” हो, मीच. उपदेशावर इतकी चिडणारी मी!

एका दुपारी कॉलेजातून आले, तर ताई स्वयंपाकघरात जमिनीवर बसलेली. खिचडीचं पातेलं रिकामं. लाडवांचा डबा रिकामा. शेजारी रसगुल्ल्यांची हंडी, नुसता पाक उरलेला. ती रडतही नव्हती.

“माझ्यातच खोट आहे, विजू,” ती म्हणाली. “भात सोडूनसुद्धा हात ऐकत नाही. डॉक्टर म्हणालेच होते, सगळ्यांना लागू पडत नाही. कचेरीला कळवून टाकते, माझं नाव काढा म्हणून.”

इतका राग मला आयुष्यात आला नव्हता. मी तिचा हात धरला आणि तशीच तिला डाक्तारबाबूंच्या दवाखान्यात घेऊन गेले. बाकावर पेशंट बसलेले होते. मी त्यांच्या डोक्यावरून भाषण सुरू केलं. “तुमचं शास्त्र थोतांड आहे! माझ्या बहिणीने भाताचं शीत तोंडात घातलं नाही, पोळीचा तुकडा नाही, आणि तरी झटका आला! उत्तर द्या!”

डाक्तारबाबूंनी चष्मा काढला. “मग ती काय खात होती?”

मी अभिमानाने यादी वाचली. साबुदाणा. रताळं. वरी. राजगिरा. गूळ. प्रत्येक शब्दागणिक त्यांचे डोळे मोठे होत गेले.

“साबू?” ते म्हणाले. “साबुदाणा दिलास तिला?” ते उठले आणि धोतराचा सोगा माझ्या नाकासमोर धरला. पापडासारखा वाजला तो. “हे कशाने कडक होतं, माहीत आहे? साबूच्या खळीने! माझी बायको जे धोतराला लावते, ते तू बहिणीला खायला घालतेस!”

“पण... ते उपासाचं असतं,” मी म्हणाले.

“भात आणि साबू यातला फरक तुमच्या देवाला कळत असेल. पोटाला कळत नाही!”

बाक हसला. एक खोकणारे आजोबासुद्धा खोकला थांबवून हसले.

आणि मी तर नास्तिक! एकादशीला मुद्दाम कांदाभजी खाणारी. देव, धर्म, सरकार, बँक, कुणाचंही म्हणणं पुराव्याशिवाय न मानणारी. पण साबुदाणा म्हणजे ‘खाणं’ नव्हे, हे मात्र मी कुठलाही पुरावा न मागता मानून बसले होते!

डाक्तारबाबू मग ताईकडे वळले. आवाज एकदम खाली आला, लेकीला लाडाने ‘मा’ म्हणणाऱ्या बंगाली बापासारखा. “तुझ्यात खोट नाही, मा. तू भात सोडलाच नव्हतास. यांनी त्याचे कपडे बदलून तो तुला वाढला. घरी जा. पुन्हा सुरू कर.”

ताई तिथे रडली. बऱ्याच दिवसांनी आलेलं बरं रडू होतं ते.

आता मी दारात उभी राहिले आणि डबे परत पाठवू लागले. सहस्रबुद्धेकाकू म्हणाल्या, “उपासाचं परत पाठवतेस? पाप लागेल.” देवधरकाकूंनी आईशी बोलणं टाकलं. मासीमांना मात्र ताईने स्वतः खाली जाऊन सगळं समजावलं, आणि त्या दिवसापासून त्या छान्याची, हिरव्या मिरच्या घातलेली तिखट भाजी पाठवू लागल्या. ताईची हाव पुन्हा निवली. पूर्ण गेली, असं म्हणणार नाही. एकदा प्रसादाचा संदेश, ती छान्याची बंगाली मिठाई, तिने खाल्ला, दुसराही खाल्ला, आणि तिसऱ्याला हात लावून मागे घेतला. आमच्या घरात तिसऱ्या संदेशाला नकार ही क्रांतीच होती. (पत्रक काढलं नाही. ताईने कागद कुलपात ठेवले होते.)

तपासणीच्या दिवशी मी तिच्याबरोबर एस्प्लनेडला गेले. त्यांनी तिला नाकारलं तर काय बोलायचं, ते तोंडपाठ करून गेले होते. स्त्रीच्या बुद्धीला वजनकाट्यावर तोलणाऱ्या व्यवस्थेवर असं भाषण, की कारकुनांच्या लेखण्या थांबाव्यात! ताई आत गेली. मी बाहेर मुठी आवळून बसले.

ती लगेच बाहेर आली. “झालं. साखर नाही. वजन अजून थोडं जास्त आहे, पण डॉक्टर म्हणाले, चालेल. पास.”

“पास?”

“पास. चल.”

मला आनंद झाला. झालाच. पण एवढं तयार केलेलं भाषण! ते घशाशी येऊन थांबलं होतं आणि माझ्या शरीरात ते ठेवायला जागा नव्हती. कचेरीच्या भर व्हरांड्यात, नुकत्याच पास झालेल्या उमेदवाराच्या वतीने, न झालेल्या अन्यायाविरुद्ध मी सुरुवात केली. लेखण्या खरोखर थांबल्या. भाषणात वजनकाट्यापर्यंत पोचले तेव्हा दरवान आला. त्याने मला दंडाला धरलं आणि ताईला नम्रपणे विचारलं, “दिदिमणी, ये कौन है? आपके साथ?”

ताईने माझ्याकडे शांतपणे, अगदी पोटभर जेवलेल्या माणसाच्या नजरेने पाहिलं.

“नाही,” ती म्हणाली आणि जिना उतरली.

ती पुढे त्याच कचेरीत मोठी साहेब झाली. खाण्यापुढे तिचा हात अधूनमधून अजूनही ऐकत नाही. पण मला बहीण म्हणून ओळख देण्याचा मोह तिने तिथे एकदाही होऊ दिलेला नाही!