आत्याबाईंची झडती

गुजरातेतल्या सचिन गावच्या एका साडी कारखान्याच्या गेटवर मी लेडी गार्ड म्हणून उभी राहायला लागले. सुटीच्या वेळी कारखान्यातल्या एकूणएक बाईची झडती घ्यायची, हे माझं काम. पहिल्या चार महिन्यांत एकाच बाईच्या अंगाला मी कधी हात लावला नाही. ती माझी सासू.

त्याआधी मी तिथंच धागा कटिंगला होते. एम्ब्रॉयडरी झालेल्या साडीच्या मागचे सुटे धागे कात्रीनं कापायचे, दिवसभर, मान खाली घालून. गेटवरची आधीची बाई लग्न होऊन नवसारीला गेली, तेव्हा ऑफिसातल्या मॅडमनी येऊन विचारलं, इथं सगळ्यात मोठा आवाज कोणाचा? सगळ्या बायकांनी एकदमच माझ्याकडे बोट दाखवलं. त्यात त्यांची चूक नव्हती. बमरोलीत आमच्या खोलीखाली कापडाचे लूम खडखडत चालतात. तिथं हळू बोलणाऱ्याला मागून चहासुद्धा मिळत नाही.

सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, त्याच कारखान्यात साड्यांच्या घड्या घालायच्या. त्यांना माझी ही बढती अजिबात रुचली नाही. एक तर पँट-शर्ट. आमच्या धुळ्याकडच्या माणसांनी भरलेल्या चाळीतून सून पँट घालून निघणार म्हटल्यावर त्या दोन दिवस माझ्याशी भिंतीकडे बघून बोलत होत्या. मग मी तोडगा काढला. पँट-शर्टावरूनच साडी नेसायची, रिक्षानं सचिनला जायचं, आणि गेटच्या केबिनमध्ये साडी सोडून खुंटीला टांगायची. मे महिन्यात हे कसं वाटतं ते मला विचारा.

दुसरी तक्रार मोठी होती. लोकांच्या लेकीसुनांच्या अंगाला हात लावायचा, हे काय काम झालं? मी म्हटलं, कारखान्यातून जरीची रिळं जातात, लेस जाते, म्हणून लावायचा. तरी संध्याकाळी सुटीच्या रांगेत त्यांचा नंबर आला की पदर घट्ट ओढून, मान ताठ करून, माझ्यासमोरून देवीच्या पालखीसारख्या निघून जायच्या. मी हवेतच दोन हात फिरवायचे. सासूच्या कमरेला हात कोणती सून लावते? लग्नाला बारा वर्षं झाली होती, पाया पडण्यापलीकडे मी त्यांना कधी शिवलेसुद्धा नव्हते.

मग बातमी आली, की कापड घेणाऱ्या परदेशी पार्टीला गेटवरच्या प्रत्येकाचं ट्रेनिंगचं सर्टिफिकेट बघायचंय. शिवाय लायसन्स लागतं की काय, यावर ऑफिसात तीन दिवस खल चालला. मॅडम म्हणाल्या, लायसन्स दुसऱ्यांना गार्ड पुरवणाऱ्या एजन्सीला लागतं. आपले गार्ड आपल्याच पगारावर, आपल्याला नाही लागत. अकाउंटंट म्हणाला, लागतं. शेवटी शेठनी गुजरातीत निकाल दिला: लागत नसलं तरी एक काढून ठेवा, पडलं राहील. घरी मी हे सांगितलं तेव्हा आत्याबाईंनी एवढंच विचारलं, की लायसन्स देतायत तर गाडी कोणती देणार.

शिकवायला फौजेतून निवृत्त झालेले एक हवालदार आले. त्यांना सगळे उस्ताद म्हणायचे. वीस दिवस, रोज, कँटीनमधली बाकं सरकवून. सहा बाप्ये आणि मी. पहिल्याच दिवशी टेप घेऊन उस्तादांनी सगळ्यांच्या छात्या मोजल्या. फुगवा म्हटल्यावर आमच्या सगळ्यात जुन्या वॉचमनकाकांची छाती जागची हलली नाही, पोट मात्र चांगलं चार बोटं पुढं आलं. ते विदर्भातले, मोठे हजरजबाबी. म्हणाले, साहेब, माल आहे, फक्त गोडाऊन खाली आहे. मला सूट मिळाली. माझी उंची, वजन आणि डोळे तपासले, आणि डोळे चांगले निघाले याचं माझं मलाच नवल वाटलं.

सावधान-विश्राम जमलं. आग विझवायचं लाल नळकांडंही मी न घाबरता चालवलं. वॉचमनकाकांनी तेच चालवलं तेव्हा आग तशीच राहिली आणि उस्तादांच्या बुटांवर बर्फ पडल्यासारखं झालं. माझं गाडं अडलं ते झडतीवर. उस्तादांची पद्धत अशी, की खांद्यापासून सुरू करायचं आणि घोट्यापर्यंत यायचं, मधे काही सोडायचं नाही. आता सरावाला कारखान्यातून बोलावलेल्या आमच्या बायकांसमोर कोणी घोट्यापर्यंत वाकलं की त्यांना दुसरं काही सुचतच नाही. मी वाकले रे वाकले, की डोक्यावर हात आणि आशीर्वाद. अखंड सौभाग्यवती राहा. सुखी राहा. मराठवाड्यातल्या एका आजींनी तर खाली वाकलेल्या मला दंडाला धरून उठवलं आणि पुरे पुरे म्हणाल्या. उस्ताद कपाळाला हात लावून बसले. दिवसाला पन्नास-साठ आशीर्वाद घेऊन मी घरी जायचे आणि तिथं भांडी घासायचे.

उस्ताद एक वाक्य मात्र रोज आमच्याकडून म्हणवून घ्यायचे. गेट पे कोई रिश्तेदार नहीं होता. सापडलेली प्रत्येक वस्तू मोठ्यानं सांगायची आणि रजिस्टरात लिहायची. मी सगळ्यांपेक्षा मोठ्यानं म्हणायचे. आणि संध्याकाळी आत्याबाई पालखीसारख्या निघून जायच्या. शेवटच्या आठवड्यात दोन संध्याकाळी उस्ताद गेटजवळ खुर्ची टाकून बसले होते. चहा प्यायला बसलेत, असं मला वाटलं. माझ्याएवढी शहाणी मीच.

विसाव्या दिवशी परीक्षा. जो पास होईल तो गेटवर कायम. जो नापास होईल त्याची जागा एजन्सीचा माणूस घेणार. म्हणजे मी परत धागा कटिंगला. मला ती नोकरी हवी होती, आणि फार हवी होती. बारा वर्षांत पहिल्यांदा मी दिवसभर मान वर करून काम करत होते. आदल्या दिवशी मी आत्याबाईंना म्हटलंसुद्धा, की उद्या नापास झाले तर पुन्हा ती कात्री. त्या तांदूळ निवडत राहिल्या.

तोंडी प्रश्न झाले. मग मॅडमनी कारखान्यातून पाच बायका अचानक बोलावून घेतल्या, स्टोअरमध्ये नेलं आणि एकीजवळ जरीचं रीळ लपवायला दिलं. मी ते शोधायचं. पाच जणी रांगेत येऊन उभ्या राहिल्या. तिसऱ्या आत्याबाई.

पहिलीला तपासलं, काही नाही. दुसरीला तपासलं, काही नाही. आत्याबाईंसमोर मी चार महिन्यांच्या सवयीनं हवेत हात फिरवले आणि पुढं सरकले. चौथीपाशी काही नाही. पाचवीपाशीही काही नाही, पण तिला तपासताना माझी पाचावर धारण बसली होती. उस्तादांनी शांतपणे विचारलं, रीळ कुठंय? मग घड्याळ बघितलं आणि म्हणाले, एक मिनिट आणखी देतो.

मी परत आत्याबाईंसमोर जाऊन उभी राहिले. रीळ त्यांच्याजवळच होतं, हे आता शेंबड्या पोरालाही कळलं असतं, आणि उस्ताद गेटजवळ चहा प्यायला बसले नव्हते हेही. पण हात काही उचलेना. आत्याबाईंनी एकदा उस्तादांकडे बघितलं, एकदा माझ्या बेल्टकडे, आणि डोळे मिटून घेतले. मग अहिराणीत, हळूच, म्हणाल्या, "लाव हात. कितला येळ उभी करशी माले?"

मी खांद्यापासून सुरुवात केली. दंड, बगल, पाठ. आणि पाठीवर माझा हात थबकला. साडीच्या आत नुसती हाडं होती. एकेक बरगडी हाताला लागत होती. परकराची नाडी कमरेला तीन वेढे घेऊन बांधली होती. बारा वर्षं मी या बाईला रोज बघत होते, आणि त्या एवढ्या वाळल्यात हे मला माहीत नव्हतं. कमरेच्या डाव्या बाजूला रीळ मिळालं. उजव्या बाजूला आणखी एक काहीतरी घट्ट खोचलेलं होतं. ते मी ओढून काढलं. मशेरीची डबी.

तोंड आल्यावर डॉक्टरांनी बजावलं, म्हणून आत्याबाईंनी मशेरी सोडली होती. गेल्या श्रावणात कानबाई देवीसमोर, भरल्या घरात, नैवेद्याच्या रोटाला हात लावून सोडली होती. कारखान्यात तर तंबाखूची चिमूटही न्यायची नाही, साड्यांना डाग पडतात. सगळं आता उजेडात आलं. लेकीसुनांची लाज, पँटची लाज, हे सगळं त्या एका डबीपायी होतं. मी हात लावणार नाही, या भरवशावर त्या चार महिने ती डबी रोज माझ्याच समोरून नेत होत्या. आणि आज माझा हात तिथं पोचणार हे माहीत असूनही, लाव हात, असं त्याच म्हणाल्या होत्या.

"और कुछ?" उस्तादांनी विचारलं. डबी माझ्या मुठीत मावत होती. त्यांना ती दिसली नव्हती, हे मी आजही शपथेवर सांगते.

"एक रीळ. एक मशेरीची डबी," मी म्हटलं. आवाज मोठा आहे माझा. पार मशीनपर्यंत गेला.

डबी जप्त झाली. आत्याबाईंचं नाव रजिस्टरात मीच लिहिलं आणि त्यांनी त्यापुढं सही केली, वळणदार, काही घाई न करता. पुन्हा सापडल्यास कामावरून काढू, अशी ताकीद मिळाली. मी पास झाले. घरी जाताना रिक्षात त्या माझ्या शेजारीच बसल्या. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, त्यांचा आणि माझाही. रात्री मी त्यांच्या भाकरीवर तुपाची धार जरा जास्तच धरली. त्यांनी ताट बघितलं, मला बघितलं, आणि मुकाट्यानं जेवल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रांगेत त्यांचा नंबर आला. पदर ओढला नाही. त्यांनी स्वतःहून दोन्ही हात बाजूला पसरले आणि उभ्या राहिल्या. मी खांद्यापासून घोट्यापर्यंत तपासलं, सावकाश, जसं शिकवलं होतं तसं. काही नव्हतं. झालं आत्याबाई, मी म्हटलं. त्यांनी हात खाली घेतले नाहीत.

"परत देख," त्या म्हणाल्या. "लोके म्हनतीन, घरनी शे म्हनीन सोडी दिधी."

मागं रांग खोळंबली होती. मी पुन्हा खांद्यापासून सुरुवात केली.