करंटचे दहा दिवस

अर्धांगवायूच्या झटक्यानं आईचा डावा पाय लुळा पडला, तेव्हा आम्ही झाशीच्या नगरा भागात राहत होतो. मी तिला रोज टेंपोनं दवाखान्यात करंट द्यायला न्यायची. गुडघ्याखाली ओले पॅड बांधायचे, मशीनचं बटण फिरवायचं आणि निपचित नस जागी होते का बघायचं. झाली तर आई चालणार, नाही तर कायमची खाट.

घरच्यांनी बाहेर बसायचं, असा तिथला नियम. कोणत्या दीडशहाण्यानं केला होता कोण जाणे!

दहाव्या दिवशी मशीनवाल्यानं माझ्या हातात कागद ठेवला. "कल से मत लाइए. अम्माजी को कुछ महसूस नहीं होता. दिमाग पर भी असर है, रोज मूँग माँगती हैं."

मूग? माझ्या आईला मूग कधी घशाखाली उतरले नाहीत. मी त्याला बाजूला सारून आत घुसले. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"आई, ह्याला तू काय सांगतेस?"

"पायाला मुंग्या येतात म्हणून कानीकपाळी ओरडतेय. हा मेला नुसता खिदळतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चाळीस वर्षं झाशीत काढलेली बाई, भाजीवाल्याशी बुंदेलीत भांडायची, पण दुखणं तिच्या तोंडून मराठीतच यायचं. मग ह्यानं एकदा बाहेर येऊन विचारू नये? आपल्याला कळलं नाही, म्हणून समोरची बाई वेडी!

"झुनझुनी!" मी ओरडले. "झुनझुनी हो रही है उनको, भैया! मूँग नहीं!"

तो वरमला आणि मोठ्या डॉक्टरांना घेऊन आला. त्यांनी पॅड सरकवले, बटण आणखी थोडं फिरवलं. आईच्या पायाचा अंगठा हलला. जेमतेम, पण हलला. त्यांनी कागदावरची ओळ खोडून आणखी महिनाभर करंट लिहून दिला.

टेंपोत बसल्यावरही मी त्या मशीनवाल्याचा उद्धार करतच होते.

"पुरे," आई म्हणाली. "त्याला मराठी येत नाही. तुला येते ना?"

गेला आठवडाभर ती घरीही खाटेवरून सांगत होती, "मुंग्या आल्या गं." मी खाटेच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या, चादर झटकली, आणि एकही मुंगी दिसेना तेव्हा तिच्यावरच खेकसले.