भोंगा काढायचा ठराव

एकसारख्या हलणाऱ्या माना बघितल्या की मला हल्ली धडकीच भरते बघा. परवा आमच्या ग्रामपंचायतीत एक तरुण इंजिनिअर आला होता. धरणातून पाणी सोडायचं झालं की आमच्या नदीकाठी भोंगा वाजतो. तो काढायचा आणि उपग्रहावरून थेट प्रत्येकाच्या मोबाईलवर इशारा पाठवायचा, हे तो आम्हा मेंबरांना जीव तोडून समजावत होता. मध्येच विचारी, "कळलं ना?" की सगळ्या माना डोलत. पाहुणा एवढा घसा कोरडा करतोय, त्याला 'नाही कळलं' कसं म्हणायचं? आमची रीतच तशी.

मी विचारलं, "बाळा, मोबाईल बंद पडलेला असला तर?"

"चार्ज करून ठेवायचा, आजी."

सरपंच म्हणाले, "आक्कांना भोंग्याशिवाय करमत नाही!" सगळे हसले, मीही हसले. पण मनात विचार चालूच होता. ज्याला हे सगळं कळतं तो काही नदीकाठी राहत नाही. आम्ही राहतो, तर आम्हाला कळत नाही. आणि ठरवायचं मात्र आम्हीच!

"मग काढायचा ना भोंगा?" सरपंचांनी विचारलं. हात वर जाऊ लागले.

"दोन्ही राहू द्या," मी म्हणाले. पण भीतीनं आवाज इतका बारीक निघाला, की शेजारी बसलेल्या पारूलाच तेवढा ऐकू गेला. तिचा हात अर्ध्यातच थांबला.

"मोठ्यानं बोला की, आक्का," ती म्हणाली.