भोंग्याचे बारा आणि सूर्याचे बारा

गावंडे गुरुजींना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते पौर्णिमा शिकवत होते, आणि वेळ सकाळची होती.

कापसाला भाव नव्हता, ती वर्षं. जिल्हा वार्ताहर म्हणून मी रोज कुठल्या तरी मोर्चाच्या, रास्ता रोकोच्या मागावर असे. केळापूर तालुक्यातल्या एका लहानशा गावात शाळेच्या मैदानावर तिसरी-चौथीची मुलं दिसली. प्रत्येकाच्या हातात पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या झाडाची, काडी, काडीच्या टोकाला कापसाचा गोळा, आणि सगळी स्वतःभोवती संथपणे फिरत होती. निषेधाचा हा प्रकार मला नवा होता. मी थेट मध्ये शिरलो आणि हे कसलं आंदोलन, असं विचारलं. पांढऱ्या सदऱ्यातले एक गृहस्थ आवाज न चढवता म्हणाले, "पौर्णिमा चालू आहे. आपण जरा बाजूला व्हावं, ग्रहण लागलंय."

माझी सावली खरोखरच एका मुलीच्या चंद्रावर पडली होती. तिने माझ्याकडे जसं पाहिलं, तसं लोक राहूकडे पाहत असावेत. बाजूला झालो तेव्हा कळलं, की सूर्याकडे पाठ केली की गोळा पुरता उजळतो, काटकोनात वळलं की अर्धा राहतो आणि सूर्याकडे तोंड केलं की चंद्र काळवंडतो. ती मुलगी म्हणजे सुनीता, तेव्हा तिसरीत होती.

हे चंद्र घरून आणलेले असत, आणि त्या दिवसांत घरचा कापूस कोणी सहज सोडत नसे. तास चालू असतानाच एक माउली फाटकाशी येऊन म्हणाली, "गुरुजी, चंद्र वापरून झाला असंन तं गंजीवर टाकाले धाडा." गुरुजींनी तिचा चंद्र झटकून, काडीकचरा काढून परत केला. पुढे त्यांचा तो नियमच झाला. आकाश उसनं आणायचं आणि स्वच्छ करून परत द्यायचं.

मी संस्कृत पाठशाळेत वाढलेला. शंकूची, म्हणजे सावली मोजायच्या उभ्या काठीची, छाया मी श्लोकांतून पाठ केली होती, परीक्षेत गुणही मिळवले होते. प्रत्यक्ष शंकू मात्र पाहिला तो गुरुजींच्या शाळेच्या अंगणात, आणि तोही पऱ्हाटीचा. काडी गवंड्याच्या ओळंब्याने सरळ उभी केलेली, आणि मुलं तिच्या सावलीच्या टोकाशी खडे ठेवत. वर्षभर. माझ्या गुरूंनी जे मला मुखोद्गत करवलं, ते इथे आठ वर्षांच्या मुलांना नुसतं दिसत होतं. मला थोडा राग आला, हे नोंदवून ठेवतो.

गुरुजी विज्ञान शिकवत, पण कुणाच्या समजुतीची टिंगल केलेली मी कधी ऐकली नाही. पटत नसेल तर ते एवढंच म्हणत, "या, पाहून घ्या."

त्याच शब्दांवर एकदा बरंच काही पणाला लागलं. सुनीताचे वडील नामदेवराव यांनी ठरवलं होतं, की जूनपासून पोरीचं नाव काढायचं. मजूर परवडत नव्हता, वेचणीला घरचे हात हवे होते. गुरुजी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले. मीही होतो. नामदेवराव वाईट माणूस नव्हेत, फक्त हजरजबाबी होते. म्हणाले, "सावलीले खडे मांडून राह्यली वर्षभर. त्याचं पीक कधी येते, गुरुजी?"

गुरुजींनी सांगितलं, की मे महिन्यात एका दुपारी काडीची सावली पूर्ण नाहीशी होईल. ती झाली तर सुनीता शाळेत राहील.

"अन् नाही गेली तं?"

"तर तिच्या जागी मी वेचायला येतो."

हा सौदा गावभर झाला. शाळेला सुट्टी होती आणि ऊन यवतमाळच्या मे महिन्याचं. तरी त्या दिवशी निम्मं गाव डोक्याला दुपट्टे गुंडाळून अंगणात जमलं. आमच्या त्या भागात बारा वाजत ते रस्त्यावरच्या, कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या भोंग्याने. जेवण, पाळी, औषधाची वेळ, सगळं भोंग्यावर. भोंगा झाला. सगळे वाकले. काडीशी सावली होती, बोटाच्या पेरापेक्षा लहान, पण होती.

लोक हसले. नामदेवराव उठले, दुपट्टा झटकला आणि म्हणाले, "वावरात या, गुरुजी. टोपी आनजा."  मला वाटलं, गुरुजी हरले. ते फक्त सुनीताकडे पाहत होते.

ती वडिलांचा सदरा धरून म्हणाली, "बाबा, बसा ना जराक. हे जिनाचे बारा हायेत. सूर्याचे व्हाचे हायेत अजून."

"तुले कोनं सांगतलं?"

"खड्यानं. सर्वात जवळचा खडा कधीच भोंग्याले नाही पडत. मागून पडते."

नामदेवराव बसले. पटलं म्हणून नव्हे, पोरीने सदरा सोडला नाही म्हणून.  सावली आखडत आखडत काडीच्या बुंध्यात शिरली आणि दिसेनाशी झाली. नामदेवरावांनी काडीभोवती एक चक्कर मारली. मग स्वतःच्या पायांकडे पाहिलं.

"माही बी गेली," ते म्हणाले. पुन्हा दुपट्टा गुंडाळत, "जाऊ द्या तिले शाळेत. पन वेचनीले कोन येईन?"

सौदा जिंकूनही गुरुजी गेले. त्या हंगामात दर रविवारी ते नामदेवरावांच्या वावरात ओटी बांधून वेचत होते. वेचणी त्यांना अजिबात जमत नसे. पालापाचोळ्यासकट बोंडं ओढत, आणि नामदेवराव त्यांना तिसरीतल्या पोरासारखं रागावत. गुरुजी निमूट ऐकून घेत. इतका आज्ञाधारक विद्यार्थी त्यांना स्वतःलाही कधी मिळाला नसेल.

मी बातमी धाडली. मुख्यालयातल्या कुणा उत्साही सहकाऱ्याने तिला 'गुरुजींचा चमत्कार' असा मथळा दिला. तिसऱ्या दिवशी कळंबहून काही भाविक नारळ घेऊन दर्शनाला आले. गुरुजींनी नारळ आदराने घेतला, त्यावर पृथ्वीचा कललेला आस समजावून सांगितला आणि मग पृथ्वी फोडून सर्वांना वाटली. भाविक प्रसाद घेऊन समाधानाने परतले. मला गुरुजी एका शब्दाने रागावले नाहीत. फक्त खोबऱ्याचा तुकडा हातावर ठेवताना म्हणाले, "चमत्कार घ्या."

सुनीता आता पुसदकडे एका प्राथमिक शाळेत शिकवतात. त्यांच्या वर्गात काडी असते आणि खडे असतात. ते जिनिंग केव्हाच बंद पडलं, भोंगाही गेला. परवा गुरुजींच्या पंचाहत्तरीच्या या सत्काराची पत्रिका नामदेवरावांना मिळाली. वेळ दुपारी बाराची छापली आहे. त्यांचा मला फोन आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"कोनचे बारा?"

"सूर्याचे," मी म्हणालो.

"मंग ठीक हाय. बसतो मी तोवर."

गुरुजींना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत, असं पंचांग म्हणतं. असेल. पंचांगाशी माझं वैर नाही, पाठशाळेतून निघाल्यावर काही काळ पोट त्यावरच भरलं. पण त्यांच्या अंगणात आम्ही जे शिकलो त्यावर भरवसा ठेवून सांगतो, की हा नुसता भोंगा झाला आहे. गुरुजींचे बारा अजून व्हायचे आहेत. ते निरोगी राहोत, त्यांची नजर खड्यांवर अशीच तीक्ष्ण राहो, आणि आम्ही सगळे नामदेवरावांसारखे, दुपट्टे सावरत, त्यांच्याजवळ बसून असू.