हंसाची मान कुठं मिळेल

भिमाजीनाना काकडांचा आणि आमचा बांध एकच. मखमलाबादच्या अंगाला त्यांचा मळा. झेंडू, शेवंती, मुळा, मेथी, कोथिंबीर. पहाटे माल पंचवटीच्या बाजारात जायचा, दुपारी नाना झोपायचे आणि उरलेल्या वेळात त्यांना काहीतरी सुचायचं. नवसाकाकू, म्हणजे नानांची बायको, सांगायच्या, "ह्यांना काही सुचायच्या आत जेवायला वाढावं. जेवले की झोपतात."

दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात नाना जेवणाआधीच घराबाहेर पडले. सातपूरला एका भंगारवाल्याकडे पाण्याची जुनी मोटर बघायची होती. मोटर जळकी निघाली. पण तिच्यामागं काहीतरी पांढरं, लांबरुंद, पालथं पडलेलं होतं. नानांना वाटलं, गुरांना पाणी पाजायची टाकी असावी. दोघांनी मिळून ती सुलटी केली, तर आत दोन सीटा आणि सीटांसमोर सायकलसारखे पायडल. कुठल्याशा बंद पडलेल्या बागेतली हंसाची बोट होती ती, पायानं चालवायची. पंख होते, शेपूट होती. मान मात्र छातीपासून मोडलेली.

"मान गेलीय," भंगारवाला म्हणाला, "पण बाकी इज्जत शाबूत आहे."

नानांनी दोन वर्षांपूर्वी शेततळं खोदून घेतलं होतं, आत जाड काळी पन्नी अंथरलेलं. त्या क्षणी त्यांना ते तळं आणि ही बोट एकत्र दिसली. संध्याकाळी टेम्पोतून हंस मळ्यात उतरला.

नवसाकाकूंनी त्याच्याभोवती एक चक्कर मारली. "गव्हाण म्हणून बरी हाय. दोन म्हशी बसून खातील."

"म्हशी नाय, माणसं बसतील. शहरातून येतील, चक्कर मारतील, जाताना फुलं नेतील."

"फुलं तर आत्ताबी जातात. बिनबोटीची."

त्यांचा मुलगा ज्ञानेश सातपूरला कारखान्यात पाळीवर जायचा, त्याला यंत्रातलं कळायचं. त्यानं बोटीखाली वाकून पाहिलं. साखळी गंजलेली, एक पायडल गायब, वळवायचा दांडा तुटलेला, बुडाला पाणी काढायचं भोक आणि त्याचं बूच नाही. "नाना, मानेचं नंतर बघू," तो म्हणाला, "आधी हे सामान आणा."

नानांना ते पटलं नाही. बिनमानेच्या हंसात कोण बसणार, हा त्यांचा सवाल होता. पण सुरुवात कुठून तरी करायची म्हणून ते पंचवटीतल्या सायकलच्या दुकानात गेले आणि साखळी मागितली.

"कोणती सायकल आहे? लेडीज की जेंट्स?"

"हंस."

"नवीन कंपनी आहे का?"

"जुनीच हाय. मान तुटलीय तिची."

दुकानदारानं जरा विचार केला आणि आतून हँडल आणलं. नानांनी ते हातात धरून डावीउजवीकडं फिरवून पाहिलं. बोट वळवायला हे झकास होतं. साखळी, पायडल, हँडल आणि हँडलला असावी म्हणून घंटी, असं घेऊन ते नळाच्या सामानाच्या दुकानात गेले. भोकाचं माप चुकू नये म्हणून त्यांनी मळ्यातला मुळा तासून बरोबर त्या भोकात बसेल असा केला होता. दुकानदारानं तो मुळा उलटसुलट करून पाहिला आणि त्याच जाडीचं रबरी बूच दिलं. घरी आल्यावर कळलं की मुळाच जास्त घट्ट बसतो. पुढं कितीतरी दिवस हंसाच्या बुडाला मुळाच होता, आठवड्याला ताजा.

राहिली मान. ती नाशकात मिळायची नाही असं सगळ्यांनीच सांगितलं. बोटीचं सामान म्हणजे मुंबई. नाना पहिल्या एसटीनं मुंबईला गेले आणि विचारत विचारत भाऊच्या धक्क्याकडच्या एका दुकानात पोचले. दोरखंड, वल्ही, कंदील, सगळं टांगलेलं. गल्ल्यावर एक शांत म्हातारे गृहस्थ होते.

"बोट केवढी?" त्यांनी विचारलं.

"दोन माणसांची."

"बंदर कुठलं?"

"मखमलाबाद."

"रत्नागिरीच्या खाली येतं का?"

"नाशिकच्या वर."

गृहस्थांनी मान हलवली. धंद्यात जास्त विचारू नये, असं त्यांना वाटलं असावं. "नांगर आहे का बोटीला?"

नांगराचं नाव निघताच नाना खुलले. "दोन हायेत. एक लाकडी, एक लोखंडी."

"लोखंडी किती वजनाचा?"

"वजन काय केलं नाय कधी. पण एक बैलजोडी आरामात वढती."

"बैल असतात बोटीवर?"

"छ्या. बैल वावरात. बोट तळ्यात."

गृहस्थांनी चष्मा काढून पुसला. मग त्यांनी कोपऱ्यातला बोटीचा नांगर दाखवला, आकडेवाला. तो पाण्यात टाकायचा असतो हे ऐकून नाना हादरले. "आवं, खाली पन्नी हाय. फाटंल ना." असा उलगडा होता होता दोघांचा चहा झाला. मानेचं काही जमलं नाही. गृहस्थ म्हणाले, चाळीस वर्षं दुकान चालवतोय, पण आमच्या बोटींना मान नसते. रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून नानांनी कप्तानाची पांढरी टोपी घेतली, सोनेरी पट्टीची.

नवसाकाकूंनी टोपी पाहिली. "डोकं आणाया गेले आन् टोपी घेऊन आले."

पंचवटीत जयराम नावाचे मूर्तिकार होते. गणपतीला अजून वेळ होता, हात मोकळे होते. नानांनी त्यांना अडचण सांगितली तेव्हा ते इतके खूश झाले की कामाला लगेच होकार दिला. "हंस म्हणजे सरस्वतीचं वाहन. असा करतो की लोक पाया पडतील."

आठवड्याभरानं मान गोधडीत गुंडाळून आली. सोनेरी चोच, कोरलेले डोळे, गळ्यात मोत्यांची माळ आणि चेहऱ्यावर मंद हसू. नवसाकाकूंनी आधी हात जोडले, मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या. ज्ञानेशनं मान बोटीला बोल्टांनी बसवली. ती इतकी जड होती की हंसाची छाती पाण्यात बुडू लागली. नानांनी मागं शेपटीवर कांद्याचं पोतं ठेवलं, तेव्हा बोट सरळ झाली.

आता कुणीतरी पाहिजे होतं पहिल्या फेरीला. नेमक्या दिंडोरीहून काकूंच्या थोरल्या बहीण, चंद्रभागाआक्का, आल्या. त्यांना नाही म्हणायची सवय नव्हती आणि हो म्हणायची तर त्याहून नव्हती. नानांनी टोपी घातली, हात दिला आणि आक्का कधी बसल्या हे त्यांनाच कळलं नाही. पिशवी मांडीवर, चपला हातात.

आम्ही सगळे काठावर होतो. बोट चालली. नाना मधूनमधून घंटी वाजवत होते. पायडल मारलं की चाकानं पाणी उडायचं आणि थेट हंसाच्या गळ्यावर जायचं, हे कुणी मनावर घेतलं नाही. तळ्याच्या मध्यावर पोचता पोचता हंसानं किंचित डावीकडं पाहिलं.

"दाजी," आक्का म्हणाल्या, "पाखरू कुणाकडं बघतंय?"

"वारा हाय, आक्का."

आणखी जरा वेळानं हंस पूर्ण वळला आणि त्याच मंद हसऱ्या चेहऱ्यानं आक्कांकडं पाहू लागला.

"आता माझ्याकडं बघतंय."

नानांनी घंटी वाजवली, तेवढ्यात मान मधोमध वाकली आणि डोकं आक्कांच्या मांडीवर येऊन पडलं. आक्कांनी ते टाकलं नाही. देवाचं वाहन, टाकणार कसं. त्यांनी ते धरून ठेवलं. पुढचं वजन गेलं तशी पाठीमागची कांद्याची बाजू भारी झाली, शेपूट पाण्यात गेली, पोतं सुटलं आणि कांदे तळंभर पसरले.

"बुडतोय का आपण?" आक्कांनी विचारलं.

"नाय. कांदे चाललेत."

पाणी छातीएवढंच होतं. ज्ञानेशनं आत उतरून दोरीनं बोट काठाला ओढली. आक्का उतरल्या तेव्हा त्यांच्या लुगड्यावर शाडूचा ओला गोळा होता, त्याला अजून एक डोळा होता. त्यांनी हळदीकुंकू मागवलं, दूर्वा मागवल्या आणि उरलेल्या मानेचं रीतसर विसर्जन केलं. मग कांदे गोळा करायला सगळेच लागलो.

दुसऱ्या दिवशी नाना जयरामांकडं भांडायला गेले. मीही बरोबर होतो. सगळं ऐकून जयरामांनी एकच विचारलं, "विरघळायला किती वेळ लागला?"

"एक फेरीसुद्धा टिकली नाय."

जयरामांचा चेहरा उजळला. "शाडू असाच पाहिजे नाना. आमचं काम पाण्यात गेलं की राहत नाही, हीच आमची ख्याती. हे तुम्ही चार लोकांना सांगा."

भांडायचं कुणाशी, हे नानांना कळेना. ते चहा पिऊन परत आले. आणि खरोखरच त्यांनी त्या गणपतीत चार लोकांना जयरामांचा पत्ता दिला.

शेवटी मान आणली नवसाकाकूंनी. त्या ठिबकची नळी आणायला पाइपवाल्याकडं गेल्या होत्या. येताना चार इंची पाइपचा तुकडा, दोन एल्बो आणि झाडांना पाणी घालायची झारी घेऊन आल्या. पाइप उभा केला, एल्बोनं मान वाकवली, टोकाला झारी बसवली. झारीची तोटी म्हणजे चोच. ज्ञानेशनं पांढरा रंग दिला आणि डोळे काढले, त्यातला एक मोठा झाला. नाना बराच वेळ पाहत राहिले. "हंस वाटत नाय," ते म्हणाले.

"हंस पाहिलाय कुणी?" काकू म्हणाल्या.

रविवारी शहरातून माणसं येऊ लागली. बगळा आहे का, बदक आहे का, असं विचारायची, बसायची, चक्कर मारायची आणि फुलं घेऊन जायची. नाना टोपी घालून काठावर उभे राहायचे. कुणी विचारलं की बोटीचं सामान कुठं घ्यावं, तर ते तासभर सांगायचे: साखळी कुठली, बूच कुठलं, मुंबईला कुणाकडं चहा चांगला. विचारणाऱ्याकडं बोट नसायची, पण ऐकून जायचा. तीन-चार वर्षं हे चाललं. मग त्र्यंबक रस्त्याला मोठाली ठिकाणं निघाली, पोहायचे तलाव, घसरगुंड्या, आणि आमच्याकडची गर्दी ओसरली.

त्यानंतर बोट नवसाकाकूंनी घेतली. दुपारी मेथीच्या जुड्या बांधायचं काम असे. त्या मेथीची पाटी आणि रेडिओ घेऊन बोटीत बसायच्या, चार पायडल मारून तळ्याच्या मधोमध जायच्या आणि तिथं थांबायच्या. घरातून कुणी हाक मारली तर त्या म्हणायच्या, "पाण्यात हाय मी." पाणी छातीएवढंच होतं, पण त्यांना तिथून उठवायची कुणाची हिंमत नव्हती.

एके दिवशी मी गेलो तर नाना काठावर उभे होते, हातात चहाचं रिकामं पातेलं.

"साखर कुठं हाय गं?" त्यांनी ओरडून विचारलं.

"फळीवर," तळ्यातून आवाज आला. "आन् माझ्यापुरताबी टाका."