शेवंताआजी आणि माझं वाकडं तोंड

"बेल्स पाल्सी," डॉक्टर म्हणाले. चेहऱ्याच्या नसेला सूज येते आणि अर्धा चेहरा हलेनासा होतो. "लकवा नाही. बहुतेक जण बरे होतात. पण गोळ्या आजपासूनच घ्या. एकही चुकवू नका."

सकाळी चूळ भरताना पाणी उजव्या बाजूनं गळालं, तेव्हा मला हसू आलं होतं. आरशात ते अर्धंच दिसलं आणि उरलेलंही गेलं.

अमरावतीत आमच्या नातलगांत बातमी पसरली ती लकव्याचीच. सासूबाईंनी ठरवलं, गोळ्या बंद! दर्यापूरकडे एक बाबा तेल चोळून तोंड सरळ करतो, त्याच्याकडे न्यायचं. त्यांच्यापुढे आमच्या घरात कोणी बोलत नाही. मी शिक्षिका. अशा तोंडानं वर्गात कशी उभी राहू, या धास्तीनं मीही तयार झाले.

निघणार तेवढ्यात तेल्हाऱ्याहून शेवंताआजी आली. ही माझ्या आजेसासऱ्यांची बहीण, म्हणजे सासूबाईंची आत्तेसासू. बोलताना ती ओठाच्या एका कोपऱ्यातून हसते. ती सगळ्यांची टिंगल करते असा समज, म्हणून सगळे तिला वचकून.

तिनं माझी हनुवटी धरून तोंड नीट पाहिलं. मग सासूबाईंकडे वळली.

"कुठं नेऊन राहिली इले?"

"बाबाकडं, आत्याबाई. तेल चोळते तो."

"माहं तोंड पाय, शकुंतले. मलेबी तरुणपणी तेल चोळाले नेलं होतं. डाक्टरकडं कोनी नेलं नाई. तवापासून असंच हाय. तुमाले वाटते, मी हासून राहिली!"

सासूबाईंनी मुकाट्यानं डोक्यावर पदर घेतला. त्यांनाही कोणी रागावू शकतं, हे मी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं. खरं सांगते, अर्ध्या तोंडानं का होईना, पुन्हा हसू आलं.

बाबाकडे जाणं रद्द झालं, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या आणि आजी आमच्याकडेच राहिली. भेटायला येणाऱ्यांना म्हणायची, "पायलं ना तोंड? आता चहा घे अन् जाय." माझा उजवा डोळा मिटत नसे, झोपताना त्यावर पट्टी तीच लावायची. डॉक्टरांनी गाल फुगवायला, शीळ घालायला सांगितलं होतं. आजी समोर बसायची, सासूबाईंनाही बसवायची. तिघींपैकी एकीचीही शीळ वाजेना. शेवटी एका सकाळी माझी वाजली, आणि सासूबाईंनी गल्लीभर पेढे वाटले.

तुमच्या घरात कोणाचं तोंड असं वाकडं झालं, तर आधी डॉक्टर गाठा. लकवा आहे की नाही, ते त्यांनाच ठरवू द्या. आणि नात्यात अशी एखादी आजी असेल, तर लगेच तिला फोन करा.

आजीला तेल्हाऱ्याच्या गाडीत बसवताना मला रडू आवरेना.

"रडू नोको वं," खिडकीतून ती म्हणाली. "आत्ताशी कुठं तोंड सरळ झालं, अन् तूच वाकडं करून राहिली."